चिकन न खाल्लेली नणंदही आजारी पडली : गोव्यात मांस येतं कुठून, तपासतं कोण?

अबोली | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. घरी जे घडलं ते सविस्तर लिहिते, कारण उत्तर मिळाल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मे महिन्यात पुण्याहून दीर-जाऊ मुलांना घेऊन आले होते, मुंबईची नणंदही आली होती. पाहुणे आले की आमच्याकडे रविवारी चिकनची शागुती ठरलेली. सकाळी नऊला यजमानांनी बाजारातून तीन किलो ब्रॉयलर आणलं, डोळ्यांसमोर कापून घेतलं. तिथून ते नुस्तं (म्हणजे मासळी) बघायला गेले, मग भाजी, मग नारळ, वाटेत कोणीतरी भेटलं. घरी यायला साडेअकरा. तोवर पिशवी स्कूटरच्या हुकाला. मेमधलं आपलं ऊन तुम्हाला सांगायला नको.

तुकडे मोठे होते म्हणून मी आदोळीवर बसून लहान केले. (घाटावरच्यांसाठी : आदोळी म्हणजे विळी.) मीठ-हळद लावून पाच पाण्यांनी धुतले. मसाला भाजून, वाटून शागुती तासभर रटरटत ठेवली. कच्चं राहिलं असं कोणी म्हणूच शकणार नाही. सोबत वडे, सोलकढी, काकडीची कोशिंबीर, आणि नणंदेसाठी डाळ. ती लग्नाआधीपासून मांसाहार करत नाही.

सोमवारी संध्याकाळपासून एकेक जण आडवा. ताप, पोटात मुरडा, जुलाब. दिराचा सहा वर्षांचा मुलगा सर्वांत वाईट. त्याला दवाखान्यात ठेवून सलाईन लावावी लागली. शीर सापडेना म्हणून तीनदा सुई टोचली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून रडत विचारलं, ‘काकू, मी काय केलं?’ ते डोळ्यांसमोरून जात नाही.

तपासणीत साल्मोनेला हा जंतू निघाला. आजारी पडलेल्या पाच जणांत नणंद होती, जिने चिकनला हातही लावला नव्हता. आणि सासरे, ज्यांनी दोन वाट्या शागुती घेतली, ते ठणठणीत.

दोष दुकानदाराला देऊ, पाण्याला देऊ, की उन्हाला? आपल्याकडे कोंबडी कापण्याआधी ती कोणी बघतं का? जाणकारांनी मनमोकळं लिहावं.

---

गुरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री १०.५०

अबोलीताई, मी पशुवैद्यक, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त. एकच विचारतो. कोशिंबिरीची काकडी कशावर चिरली? आणि सासऱ्यांनी कोशिंबीर खाल्ली होती का?

---

अबोली | रविवार, रात्री ११.०५

आदोळीवरच, डॉक्टर. चिकन झाल्यावर नळाखाली धरून धुतली होती. सासऱ्यांना दात नाहीत, ते काकडी खात नाहीत.

अरे देवा.

---

गुरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ११.४०

हो. पण आधीच सांगतो, स्वतःला फाडून खाऊ नका. पूर्ण वाचा.

साल्मोनेला कोंबडीच्या आतड्यात राहतो. बहुतेक वेळा कोंबडीला काहीही होत नाही, ती धडधाकट दिसते. म्हणून ‘जिवंत होती, समोर कापली’ ही खात्री अर्धीच. कापताना आतडं फाटलं की जंतू मांसावर येतात. शिवाय दुकानात पिसं सुटावीत म्हणून कोंबडी गरम पाण्यात बुडवतात, मग पिसं काढायच्या ड्रममध्ये टाकतात. त्याच पाण्यात आणि त्याच ड्रममध्ये सकाळपासून शंभर गेलेल्या असतात. एकीचा जंतू नव्व्याण्णव जणींना.

पोषक उष्णता मिळाली की हे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. तुमच्या पिशवीला अडीच तास ऊन मिळालं. वीस-वीस मिनिटांचे सात टप्पे म्हणजे एकाचे शंभराहून जास्त.

शागुती तासभर उकळली, तिथे ते मेले. मांसाच्या आतपर्यंत सत्तर अंश पोचले की साल्मोनेला टिकत नाही. म्हणून सासरे वाचले. पण आदोळीच्या पात्याला आणि लाकडी पाटाच्या चिरांत जे राहिलं ते काकडीला लागलं, आणि काकडी कोणी शिजवत नाही. दह्याने, लिंबाने ते मरतं असं समजू नका.

तुमची चूक एवढीच की आदोळी साबणाने घासून, वर उकळतं पाणी ओतायला हवं होतं. पण तुमचं स्वयंपाकघर शेवटचं फाटक होतं. त्याआधीची चार फाटकं उघडी होती : फार्म, लॉरी, दुकान आणि वाहतूक. त्यांबद्दल कोणी बोलत नाही, सगळं खापर घरातल्या बाईवर फुटतं. मला हे मान्य नाही.

---

मानकुराद | सोमवार, सकाळी ७.३०

डॉक्टर, मग चिकन धुवायचं की नाही? हल्ली सगळे सांगतात धुऊ नका. रक्त, चिकटपणा, कधी पिसाचा तुकडा. न धुता टोपात टाकायला हात धजत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ८.१०

तुमची अडचण खरी आहे. परदेशात चिकन साफ होऊन, थंड होऊन, पाकिटात येतं, तिथे ‘धुऊ नका’ सांगणं सोपं. आपल्याकडे आतड्याचा अंश, हाडाची भुकटी, पिसं असतात.

धोका नळाच्या धारेचा. धार मांसावर आपटली की बारीक शिंतोडे हातभर लांब उडतात : ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर, पिण्याच्या पाण्याच्या कळशीवर. धुण्याने जंतू जात नाहीत, पसरतात. म्हणून धुवायचंच तर मोठ्या टोपात पाणी घ्या, तुकडे हळूच बुडवून हलवा, पाणी अलगद मोरीत ओता, पुन्हा तेच. आधी कोशिंबीर करून झाकून ठेवा, चिकनला हात नंतर लावा. शेवटी मोरी, ओटा, नळाची चावी, हात साबणाने. नळाची चावी सगळे विसरतात. बरबटलेल्या हाताने ती उघडायची आणि धुतलेल्या हाताने बंद करायची!

---

म्हादई | सोमवार, सकाळी ९.००

आमच्या आजीने आयुष्यभर एकाच आदोळीवर नुस्तं, भाजी, नारळ सगळं केलं. चौऱ्याण्णव वर्षं जगली. तेव्हा साल्मोनेला नव्हता का? हे सगळं ब्रॉयलर आल्यापासूनचं आहे.

---

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ९.४५

साल्मोनेला तेव्हाही होता. आजी परसातली एक गावठी कोंबडी कापायची, तासाभरात ती चुलीवर असायची आणि त्याच जेवणात संपायची. तिला फार्म माहीत होतं, ते तिचं परस होतं. आज हजारो पक्षी एका शेडमध्ये वाढतात, रात्रभर पिंजऱ्यांत एकावर एक प्रवास करतात, वरच्याची विष्ठा खालच्याच्या अंगावर. साखळी लांबली, सवयी मात्र आजीच्या काळातल्याच राहिल्या.

आणि तेव्हा मुलं जुलाबाने दगावायची, म्हादई. त्या मुलांची वयं कोणी सांगत बसत नाही.

---

डब्लिनकर | सोमवार, दुपारी १.२०

अबोलीताई, पोरगा बरा आहे ना आता?

मी मूळ वाळपईचा. पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंडला आलो. डब्लिनला राहून पुढे एका मांस कारखान्यात लागलो, चार वर्षं गुरांच्या मांसाच्या विभागात हाडं सोडवायचं काम करतोय. धंदा आतून पाहिलाय म्हणून लिहितो. घरी आईला मी ‘कारखान्यात’ एवढंच सांगितलंय, कसला ते सांगितलेलं नाही. पण इथे लपवण्यात अर्थ नाही.

हा देश लहान, पण बीफचा जवळजवळ नव्वद टक्के माल बाहेर विकतो. म्हणजे एका लॉटमध्ये गडबड निघाली तर अख्ख्या देशाच्या पोटावर पाय. त्या भीतीने इथली शिस्त आली आहे.

आमच्या लाईनवर प्रत्येकाशेजारी गरम पाण्याचं छोटं टाकं असतं, पाणी किमान ८२ अंश. दोन सुऱ्या. एक हातात, दुसरी टाक्यात. एक धड झालं की सुरी बदलायची. सुरुवातीला मला वाटायचं उगाच नाटक. मग एकदा धडाच्या पायावर शेणाचा नखाएवढा डाग राहिला, तेवढ्यासाठी सरकारी पशुवैद्याने लाईन थांबवली. सव्वाशे माणसं हात बांधून उभी. मालक जवळ उभा होता, तो एक शब्द बोलला नाही. मांस सात अंशांवर आल्याशिवाय कापायला येत नाही. कोंबडीला नियम चार अंशांचा.

प्रत्येक गुराच्या दोन्ही कानांत नंबराचा बिल्ला आणि त्याचा स्वतःचा पासपोर्ट. दुकानातल्या पाकिटावर जनावर कुठल्या देशात जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं, कारखाना नंबर किती, हे छापावंच लागतं.

---

म्हादई | सोमवार, दुपारी २.००

म्हणजे तिकडे सगळं सोवळं आणि आपण अस्वच्छ, असंच ना?

---

डब्लिनकर | सोमवार, रात्री ८.३०

नाही, मुळीच नाही. हे लोक चांगलेच तोंडघशी पडले आहेत आणि मला सांगायचंय ते नेमकं तेच. मी तेव्हा इथे नव्हतो, पण कारखान्यातले जुने लोक अजून तो विषय काढतात.

डिसेंबर २००८. नाताळ तोंडावर, हॅम आणि बेकनचा ऐन हंगाम. नेहमीच्या तपासणीत डुकराच्या चरबीत पीसीबी हे विषारी रसायन सापडलं आणि त्यामागून डायॉक्सिन, तेही विषच, मर्यादेच्या कितीतरी पट. ६ डिसेंबरला, शनिवारी, सरकारने जाहीर केलं की १ सप्टेंबरपासून देशात कापलेल्या डुकरांचं सगळं मांस परत घ्या. सगळं. दुकानातलं, हॉटेलातलं, परदेशी गेलेलं, लोकांच्या घरच्या फ्रीजमधलंही.

कारण काय निघालं? बेकऱ्यांतून उरलेला पाव आणि पीठ वाळवून पशुखाद्य करणारा एक कारखाना. वाळवायच्या भट्टीत जे तेल जळत होतं, त्यात ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल मिसळलेलं. त्याचा धूर खाद्याला लागला, खाद्य डुकरांच्या पोटात, विष चरबीत. मांस खराब झालं कुठे, तर फार्मच्याही मागे, एका भट्टीच्या नळीत.

ते खाद्य खाणारी डुकरांची फार्म फक्त दहाच्या आसपास, देशाच्या पुरवठ्याच्या दहा टक्क्यांहून कमी. तरी शंभर टक्के माल का परत घेतला? कारण मांस कारखान्यांत पोचून एकमेकांत मिसळलं होतं. कुठला तुकडा कुठल्या फार्मचा हे सांगता येईना. नव्वद टक्के निर्दोष शेतकऱ्यांचा मालही त्यात गेला. सरकारला १८ कोटी युरोंची मदत द्यावी लागली.

मग जानेवारी २०१३. इथल्याच अन्नसुरक्षा संस्थेने बाजारातले २७ बीफ बर्गर तपासले. दहांमध्ये घोड्याचा डीएनए, २३ मध्ये डुकराचा. अख्ख्या युरोपभर गोंधळ उडाला. पण हे शोधलं कोणी? त्यांच्याच संस्थेने. झाकायला वाव होता, आपल्याच निर्यातीला धक्का बसणार होता, तरी जाहीर केलं.

ही संस्था १९९९ पासून आहे आणि ती कृषी मंत्र्यांच्या नव्हे, आरोग्य मंत्र्यांच्या हाताखाली येते. ज्याला माल विकायचाय त्याच्या हातात तपासणी ठेवली नाही.

आता मला आपल्या बाजारात उभं राहून विचारायचंय : ही कोंबडी कुठल्या फार्मची? उद्या त्या फार्मवर काही निघालं तर आजचा माल कोणाकोणाच्या घरी गेला हे कोण सांगेल?

---

पोफळी | सोमवार, रात्री ९.१५

कोणीच सांगणार नाही. आणि जाहीर करण्याबद्दल बोलाल तर जुलै २०१८ आठवा. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात पहाटे एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) किट लावून मासे तपासले, फॉर्मेलिन असल्याचं बाहेर आलं. त्याच दिवशी नंतर सांगितलं, प्रमाण मर्यादेत आहे. अहो, मुडद्यांना लावायचं औषध आमच्या इसवणात (सुरमईत) किती मर्यादेत चालतं? आमच्या घरात तीन आठवडे नुस्तं शिजलं नाही. सोमवार नाही, श्रावण नाही, चवथ नाही, तरी नुस्तं नाही! पुढे १५ दिवस बाहेरची मासळी बंद केली, नंतर नोंदणी आणि थंड गाड्यांची सक्ती आली.

माझी नेहमीची नुस्तेंकान्न (मासळीवाली) रडकुंडीला आली होती. तिचे बांगडे इथल्याच बेतूलचे, रापणीच्या जाळ्यातले. पण ते तिने सिद्ध कसं करायचं?

---

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री १०.००

पोफळीताई, तुमच्या नुस्तेंकान्नीचं आणि आयर्लंडच्या त्या नव्वद टक्के शेतकऱ्यांचं दुखणं एकच आहे. माल चांगला आहे हे सांगणारा कागद नसला की वाईटाबरोबर चांगलाही बुडतो.

थोडा खुलासा. फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मेलिनमधलं मूळ रसायन, मासा मेल्यावर त्यात थोडं आपोआप तयार होतं, म्हणून प्रयोगशाळेत प्रमाण मोजावं लागतं. पण वरून लावायला परवानगी नाही, थोडंही नाही. किट फक्त संशय दाखवतं, निर्णय प्रयोगशाळेचा. घोळ झाला तो दोन टप्प्यांत दोन वेगळी वाक्यं लोकांच्या कानावर आली त्याचा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं किट त्याच वर्षी आलं होतं, कागदाची पट्टी माशावर घासून काही मिनिटांत रंग दाखवणारं.

आता मांसाचं. नियम नाहीत असं नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, अंमल ऑगस्ट २०११ पासून, आणि आपली एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्थासुद्धा आरोग्य मंत्रालयाखालीच आहे. मोठ्या जनावरांसाठी उसगावचं सरकारी मांस संकुल १९७१ पासूनचं. कापण्याआधी जनावर चालवून बघायचं, ताप आहे का, लाळ गळते का. कापल्यावर फुप्फुस, यकृत, गाठी चिरून बघायच्या. माझं मत विचाराल तर कोणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण जे विकलं जातं त्यावर पशुवैद्याचा शिक्का हवा.

कोंबडीला ही सोय नाही. कोंबडीचं दुकान हाच कत्तलखाना. दुकानदारच कापणारा, तोच तपासणारा, तोच पैसे घेणारा. गोव्यात एवढी दुकानं, प्रत्येकात पशुवैद्य उभा करणं शक्यच नाही. म्हणून तालुक्याला एक-दोन कापायच्या जागा हव्यात, जिथे वाहतं पाणी, थंड खोली आणि डॉक्टर असेल आणि दुकानांत फक्त थंड माल जाईल. हे मी नोकरीत असताना बोलत होतो, आजही बोलतो.

न्यूझीलंडचं उदाहरण देतो, तोही लहानच देश. २००६ मध्ये तिथे कॅम्पिलोबॅक्टर या जंतूचे सुमारे १६ हजार रुग्ण नोंदले गेले, मुख्य संशय कोंबडीवर. त्यांनी घरोघरी उपदेश करण्यावर भर दिला नाही. कोंबडी कारखान्यांना सांगितलं की धडावर एवढ्यापेक्षा जास्त जंतू चालणार नाहीत, मोजा आणि दाखवा. २००८ पर्यंत रुग्ण निम्म्याहून कमी झाले. मघाशी फाटकं म्हटलं ना, वरचं एक फाटक लागलं की खालच्या हजार स्वयंपाकघरांवरचा भार उतरतो.

---

साखळीवाला | मंगळवार, पहाटे ४.५०

मी चिकनचं दुकान चालवतो, साखळी गावाच्या बाजूला. अठरा वर्षं. सगळं वाचलं. राग आला, मग विचार केला, आणि आता गाडी उतरवून झाल्यावर लिहितोय.

डॉक्टरकाका, तुम्ही लिहिलं ते खरं आहे. माल चोर्ला घाटातून रात्री दोन-अडीचला येतो. पिंजऱ्यात चार-पाच मेलेल्या असतात, उन्हाळ्यात दहाही. मी त्या बाजूला काढतो. सगळे काढतात का, मला सांगता येणार नाही. पावती म्हणजे चिठ्ठी : वजन, दर, सही. फार्मचं नाव त्यावर नसतं. मी अठरा वर्षांत कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदा लॉरीवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

गरम पाणी मी रविवारी आधी दुपारपर्यंत एकच वापरायचो. आता बदलतो, पण उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड. टँकर घ्यावा तर किलोमागे दर वाढतो आणि समोरचा दहा रुपयांनी कमी देतो. गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी रस्ता ओलांडतं. पाणी कितीदा बदललं असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी कर्ज काढून थंड कपाट आणलं. पहाटे कापून, धुऊन, थंड करून ठेवायला लागलो. लोक म्हणाले, ‘फ्रीजमधलं शिळं नको, समोर काप.’ तीन महिन्यांत ते कपाट कोल्ड ड्रिंकचं झालं. डॉक्टर म्हणतात थंड माल हवा. माझंही तेच म्हणणं आहे. घेणारा आणा.

लाकडी ओंडका मात्र मी काढला. त्याच्या चिरांत सुरीचं टोक घातलं की जे बाहेर यायचं ते माझ्या मुलाने बघितलं आणि तो महिनाभर चिकन जेवला नाही. तेव्हाच प्लॅस्टिकचा ठोकळा आणला.

---

अबोली | मंगळवार, सकाळी ७.००

दादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ‘समोर काप’ म्हणणाऱ्यांत आमचं घर पहिलं आहे. थंड म्हणजे शिळं असंच आम्ही समजत आलो. आमच्या तीन किलोंना अडीच तास ऊन लागलं आणि त्याला आम्ही ताजं म्हणत होतो.

डब्लिनकर, मुलगा बरा आहे. चार दिवसांनी घरी आला, पुण्याला परतला. वजन दोन किलो उतरलंय.

---

मानकुराद | मंगळवार, सकाळी १०.२०

विषय निघालाच आहे तर डुकराचंही विचारते. शेजारची मावशी दर उन्हाळ्यात पावसाळ्यासाठी चोरीसच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा घालते, आम्हालाही देते. माडाच्या सुरेचं विनेगर, मिरची, मीठ, मग ऊन आणि धूर. घरात सगळे घाबरवतात की त्याने डोक्यात किडे होतात. जुन्या घरामागे डुकरांचे संडास होते, ज्यांतली घाण डुकरं खायची, ते आठवून तर जास्तच भीती वाटते.

---

गुरांचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी १२.००

मीठ, विनेगर आणि वाळवण यांनी चोरीस टिकतात, पण ते मांस कच्चंच असतं. नीट शिजवा, आतपर्यंत.

आता डोक्यातले किडे. कच्चट डुकराच्या मांसातल्या गाठींमुळे माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत जातात त्या त्याच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून : न धुतलेले हात, घाणेरडं पाणी, कच्ची पालेभाजी. म्हणून शुद्ध शाकाहाऱ्यालाही हा आजार होतो. डुकरांचे संडास गेले, त्याने हे चक्र तोडायला मोठी मदत झाली, कारण डुकराला अंडी तिथूनच मिळत होती. मावशीच्या चोरीसवर राग नको. पालक नीट धुवा.

आणि एक गोष्ट कोणी विचारली नाही, तीच मला सर्वांत जास्त छळते. औषधं. कोंबड्या लवकर वाढाव्यात, मरू नयेत म्हणून खाद्यात-पाण्यात प्रतिजैविकं घालतात. औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचा नसतो. ते दिवस पाळले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, शिजवून जात नाही. कोलिस्टिन हे औषध, जे माणसाच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, ते कोंबड्यांना सर्रास दिलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. बंदी चांगली. पण फार्मचं नावच नसेल तर बंदी मोडणारा सापडणार कसा?

---

डब्लिनकर | मंगळवार, रात्री ९.००

साखळीवाल्या दादा, तुम्ही पहाटे लॉरीवाल्याला विचारलंत ना, तिथून सुरुवात झाली. इथेही कारखान्यात शेवटी सगळं एका वहीवरच चालतं, आता ती संगणकात आहे एवढंच. एक साधी वही घाला : तारीख, लॉरी नंबर, फार्मचं गाव, किती पक्षी, किती मेलेले आले. उद्या कोणी आजारी पडलं तर बोट ठेवायला जागा होईल. आणि तुमचा माल चांगला असेल तर पोफळीताईंच्या नुस्तेंकान्नीसारखी तुमची गत होणार नाही.

---

म्हादई | बुधवार, सकाळी ८.४०

मी परवा जरा तावातावाने लिहिलं. रात्री आईला विचारलं, आजीची किती मुलं गेली. तीन, म्हणाली. दोन एकाच पावसाळ्यात.

आमच्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत मी चिकनच्या दुकानांना रोज पाणी आणि कचरा उचलण्याची सोय हा विषय मांडणार आहे. पिसं आणि आतडी ओहळात टाकतात, कुत्री ओढून आणतात. डॉक्टर, दोन ओळी लिहून द्याल का?

---

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ९.३०

दोन कशाला, पानभर देतो. ग्रामसभेलाही येतो, तारीख कळवा.

---

अबोली | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३.३०

सगळ्यांनी विचारलं म्हणून कळवते. घरात आता दोन आदोळ्या आहेत. मांस-नुस्त्याच्या आदोळीच्या पाटाला लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे, म्हणजे सासूबाईंनाही लांबून दिसते. चिकन आणायला यजमान बर्फाचा डबा घेऊन जातात आणि ती खरेदी सगळ्यांत शेवटी करतात. आमच्या नेहमीच्या दुकानदाराला मी फार्मचं गाव विचारलं. पहिल्या रविवारी तो वैतागला, दुसऱ्या रविवारी म्हणाला विचारून ठेवतो, आज त्याने चिठ्ठीच्या मागे पेनाने गावाचं नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी मी मसाल्याच्या डब्याखाली ठेवली आहे.

---

साखळीवाला | रविवार, दुपारी ४.१०

ताई, माझी वही वीस पानं भरली. तीन फार्मवरून माल येतो हे मला आता कळलं. त्यांतल्या एकाच गावच्या पिंजऱ्यात मेलेल्या जास्त येतात, सलग तीन वेळा. परवा ती गाडी मी परत पाठवली.

---

डब्लिनकर | रविवार, दुपारी ४.२५

दादा, त्या पानांचा फोटो टाकाल का? रकाने कसे आखलेत ते बाकीच्यांनाही बघू दे.

---

साखळीवाला | रविवार, दुपारी ४.३०

आज वहीवर रक्ताचे डाग आहेत. नवीन पानावर नीट आखतो आणि पहाटे गाडी उतरली की टाकतो.